रडण्याची ओढ



आजचा विषय मी कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. स्मृतिव्याख्यानाला हा विषय जरा हळवा आहे, असं त्यांना वाटलं असावं. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. आपण तिकीट काढून रडायला जातो. पुस्तकातलं जे पान वाचताना मागच्या वेळी डोळे भरून आले होते, तेच पान पुन्हा उघडून बसतो. मांडवात नवरीच्या आईने पदर डोळ्यांना लावला की आपली नजर तिकडे जाते, आणि जिचं नावही ठाऊक नाही त्या बाईबद्दल एकाएकी माया वाटू लागते. दुःख कोणालाच नको असतं. मग रडणं का हवंसं वाटतं? स्वतःचं तर वाटतंच, पण दुसऱ्याचं रडणंही आपल्याला का ओढून घेतं?

हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्या परंपरेत त्यावर मोठमोठ्या माणसांनी डोकं चालवलेलं आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत करुण आहे. आणि अश्रू त्यांनी कुठे ठेवले? सात्त्विक भावांत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय अशी ती आठांची रांग. मन पूर्ण लागल्याशिवाय ज्या गोष्टी अंगावर उमटत नाहीत, त्या सात्त्विक. हात उचलता येतो, भुवई चढवता येते. डोळ्यांत पाणी हुकमाने आणणं अवघड. म्हणून त्या पाण्यावर प्रेक्षकाचा विश्वास बसतो.

पुढे चौदाव्या शतकात कलिंगातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त प्रश्न थेट अंगावर घेतला. त्याचं म्हणणं असं, की करुणातून दुःखच पदरी पडत असतं तर कोणी त्याच्या वाटेला गेलंच नसतं. रामायण ऐकायला मग कोण बसलं असतं? करुण आनंद देतो, आणि त्याला पुरावा रसिकाच्या अनुभवाचा. डोळ्यांतलं पाणी येतं ते चित्त विरघळतं म्हणून. त्याच्या आधी दोनेकशे वर्षं गुजरातेत रामचंद्र आणि गुणचंद्र या दोघा जैन पंडितांनी 'नाट्यदर्पणा'त नेमकं उलट सांगून ठेवलं होतं. करुण हा दुःखाचाच रस, असं ते म्हणाले. आपण भारावतो ते कवीच्या आणि नटाच्या कसबाने. आणि १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक आपलं स्वत्व न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि त्या दुहेरी असण्यातच आनंद आहे, असं त्यांचं उत्तर.

ही तिन्ही उत्तरं मला आदराने घ्यावीशी वाटतात. पण एका ठिकाणी ती मला अपुरी पडतात. तिन्ही उत्तरांत रसिक एकटा आहे. तो, त्याचं चित्त आणि समोरची कलाकृती. रडणं मात्र बहुतेक वेळा दोन माणसांमधलं असतं. एक रडतो, दुसरा बघतो. तो दुसरा हिशेबात घेतल्याशिवाय रडण्याची ओढ समजत नाही, हे मला आज सांगायचं आहे.

शरीराकडेच बघा ना. नुकतं जन्मलेलं मूल पहिले काही आठवडे घसा फोडून रडतं, पण भावनेचे अश्रू त्याच्या डोळ्यांतून ओघळत नाहीत. ते नंतर येतात. आणि मूल मोठं होतं तसं गणित उलटं होत जातं. आवाज कमी होतो, पाणी उरतं. हे असं का व्हावं? आवाज गल्लीभर ऐकू जातो. पाणी दिसतं ते समोर बसलेल्यालाच. ज्याला जवळ यायची मुभा आहे, त्याच्यासाठीच जणू ती खूण राखलेली आहे. चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर मोठा ग्रंथ लिहिला, पण भावनेच्या अश्रूंचा उपयोग काय हे कोडं त्यालाही नीट उलगडलं नाही. अलीकडे रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. रडणाऱ्या माणसांची छायाचित्रं घेतली आणि संगणकावर त्यांच्या गालांवरचे फक्त अश्रू पुसून टाकले. चेहरा तोच, ओठांची वळणं तीच. तरी बघणाऱ्यांना ते चेहरे कमी दुःखी वाटले, काही तर कळेनासेच झाले. हा विचारात आहे, की थकलाय, की बुचकळ्यात पडलाय? गालावरचं पाणी गेलं आणि चेहऱ्याचा अर्थच हरवला.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं असं. दुसऱ्याचे अश्रू आपल्याला आवडतात, ते त्याचं दुःख आवडतं म्हणून नव्हे. एरवी प्रत्येक जण आपापला चेहरा सांभाळून वावरतो. नवरा-बायको तीस वर्षं एका घरात राहतात आणि एकमेकांना काय वाटतं याचा अंदाजच बांधत बसतात. अश्रू आले की तो अंदाज संपतो. समोरचा माणूस क्षणभर उघडा होतो, आणि त्या उघड्या माणसाजवळ आपल्याला बसू दिलं जातं. आपली ओढ असते ती या जवळ बसू देण्याची.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. हे सगळ्यांत खोलवर जाणलं ते आपल्याच मातीतल्या एका कवीने, आणि त्याच्यापाशी मी आज जरा रेंगाळणार आहे. भवभूती. आठव्या शतकाच्या सुमाराचा. आपलं घराणं पद्मपूरचं, असं तो स्वतः सांगतो. अभ्यासक ते गाव विदर्भात, आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ दाखवतात. त्याचं 'उत्तररामचरित' हे नाटक म्हणजे रडण्यावरचा सगळ्यात शहाणा ग्रंथ आहे, असं मी म्हणेन.

पहिल्या अंकात काय होतं? राम, सीता आणि लक्ष्मण चित्रं बघत बसलेले आहेत. वनवासाची चित्रं. संकट संपलं आहे, राज्याभिषेक झाला आहे, सीता गरोदर आहे. आणि हे तिघं आपल्याच दुःखाची चित्रं बघून पुन्हा व्याकूळ होतात. सीता जवळ बसलेली असताना राम सीताहरणाच्या आठवणीने रडतो! मला हा प्रसंग विलक्षण वाटतो. कारण चित्रांतून दिसणाऱ्या दुःखावर ही माणसं एकमेकांच्या जवळ सरकतात. वनवासात असताना इतकं मोकळं रडायला वेळ तरी होता का? आणि लगेच त्याच अंकाच्या शेवटी राम लोकापवादापायी तिला टाकतो. चित्रातल्या वियोगावर रडणारा माणूस खरा वियोग आपल्या हाताने घडवतो. भवभूती काही बोलत नाही, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून देतो.

मग तिसरा अंक. बारा वर्षं गेली आहेत. राम पंचवटीत आलेला आहे, आपल्या नाशिकच्या पंचवटीत. सीताही तिथेच आहे, पण गंगेच्या वराने ती कोणाला दिसत नाही. सोबत तमसा नदी. राम त्या झाडांना, त्या हत्तीला, त्या मोराला ओळखतो आणि कोसळतो. शुद्ध हरपते, सीतेच्या स्पर्शाने परत येते. आणि ही टाकलेली बायको न दिसता उभी राहून नवऱ्याचं रडणं बघते. तिला काय वाटतं? सुरुवातीला तिच्या मनात राग आहे, अपमान आहे, असायलाच हवा. पण ते रडणं बघता बघता तिच्या काळजात रुतलेलं काहीतरी सैल होत जातं. बारा वर्षांत तिला कोणी सांगितलं नव्हतं की तू त्याला हवी होतीस. राजाने प्रजेला सांगितलं नव्हतं, भावाला सांगितलं नव्हतं. ते आता त्याचे डोळे सांगतात, आणि ते खरं आहे हे तिला पटतं. का पटतं? कारण ती तिथे आहे हे रामाला माहीत नाही. तिला दाखवायला तो रडत नाहीये. दुसऱ्याच्या रडण्यात आपल्याला जे मिळतं त्याचं याहून नेमकं दृश्य मला कुठल्याही साहित्यात सापडलेलं नाही.

त्याच अंकात तमसेच्या तोंडी एक विचार येतो: तलाव तुडुंब भरला की सांडवा काढून द्यावा लागतो, तसं शोकाने भरलेलं मन विलापावरच तगतं. रडलं की मोकळं वाटतं, हा आपला सगळ्यांचा समज भवभूतीने इतक्या सुंदर रीतीने मांडला. हा समज खरा आहे का? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना दोन हळवे चित्रपट दाखवले. त्यांतला एक 'हाची', मालकाची वाट बघत राहिलेल्या कुत्र्याचा. जे रडले त्यांना लगेच विचारलं तर त्यांचं मन आधीपेक्षा खालावलेलं होतं. वीस मिनिटांनी ते पूर्वपदावर आलं. दीड तासाने मात्र ते चित्रपटाआधी होतं त्यापेक्षा चांगलं झालेलं होतं. म्हणजे मोकळं वाटतं, पण उशिरा. मधला तो दीड तास कोणीतरी आपल्याला राहू द्यावा लागतो. आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आता मी आपल्या समाजाकडे येतो आहे. आपल्याकडे हा वेळ माणसाला कोण देत होतं?

जातं देत होतं. पहाटे घर झोपलेलं असताना बाई जात्यावर बसायची. दुसरी शेजारीण समोरचा हात धरायला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी आपल्या खेड्यापाड्यांतल्या ओव्या अनेक वर्षं गोळा केल्या. लाखावर ओव्या आहेत त्या संग्रहात. त्या चाळून बघा. आई गेल्याचं दुःख, भाऊ न्यायला आला नाही याची सल, सासरचा जाच, सगळं त्यांत आहे. दिवसा जे बोललं तर भांडण झालं असतं, ते पहाटे गाऊन टाकता यायचं. समोरची बाई ऐकायची, तिच्याही डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती आपली ओवी त्यात घालायची. मग पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या. बाईच्या खांद्याचा भार हलका झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, त्याबद्दल मला कसलाही गहिवर काढायचा नाही. पण ती जागा गेली, हेही खरं.

दुसरी जागा मयताच्या घरची. खेड्यात भेटायला आलेली बाई उंबऱ्यातच गळा काढते. गेलेल्याचे गुण, शेवटची भेट, राहून गेलेलं बोलणं, सगळं हेल काढून सांगत जाते, आणि घरातली बाई तिच्या गळ्यात पडून त्याच हेलात उत्तर देते. शहरातली शिकलेली माणसं याला दिखाऊ म्हणतात. मी हे अनेकदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलं आहे. ते दिखाऊ नाही. ती रीत आहे, आणि रीत असल्यामुळे जिला एकटीने रडायला सुचलं नसतं तिलाही रडता येतं. आणि पुढे बघा काय होतं. थोड्या वेळाने कोणीतरी जाणती बाई म्हणते, "बास आता बाई, तोंड धू." पाण्याचा तांब्या पुढे येतो. कोणी चूल पेटवतं. रडायला सुरुवात करून देणारी माणसं असतात तशी थांबवणारीही असतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये दोन्ही नाहीत.

माझी एक मावशी नवरा गेला तेव्हा रडली नाही. माणसं येत होती, चहाची आधणं चढत होती, बँकेची कागदपत्रं सापडत नव्हती. सगळे म्हणाले, खंबीर आहे. काही महिन्यांनी शेजारच्या मुलीचं लग्न होतं. मावशी मांडवात मागेच उभी होती, तेव्हा विधवेने मागेच उभं राहायचं असे. पाठवणीच्या वेळी ती अशी रडली, अशी रडली, की नवरीची आई आपलं रडणं थांबवून तिला सावरू लागली. कोणी काही विचारलं नाही. पाठवणीत रडणाऱ्या बाईला कारण विचारायचं नसतं.

माझं दुसरं म्हणणं याच प्रसंगात आहे. कथेत, नाटकात, पाठवणीत आपण ज्याच्यासाठी रडतो असं वाटतं, त्याच्याच आडोशाने आपण आपलंही रडून घेतो. आडोसा हवा असतो. स्वतःच्या दुःखावर रडायला माणूस लाजतो, सिंधूच्या दुःखावर रडायला कसली लाज?

सिंधूचं नाव आलंच आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने त्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलं, आणि बालगंधर्व सिंधू झाले. भरजरी शालूंसाठी ज्यांचा लौकिक होता ते बालगंधर्व इथे नवऱ्याच्या दारूपायी गरिबीने गांजलेल्या, लोकांचं दळण दळणाऱ्या सिंधूच्या वेषात उभे राहिले आणि लोक ढसाढसा रडले. त्या थिएटरात कोण बसलं असेल याचा विचार करा. दारूने ज्यांची घरं धुतली गेली होती अशा बाया असतील. आणि ज्यांनी आपली घरं दारूत घालवली होती असे पुरुषही असतील. दोघं एकाच सिंधूवर रडत होते. हे नाटकच करू शकतं.

आणि अजूनही दर वर्षी एक मोठं रडणं आपल्याकडे होतं, त्याची वृत्तपत्रांत चार ओळींची बातमी येते. कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती १२९६ साली, वय अवघं एकवीस. नामदेवांनी तो प्रसंग अभंगांत सांगून ठेवला आहे. निवृत्तिनाथांचं, संतमेळ्याचं व्याकूळ होणं सगळं त्यात आहे. नामदेवांच्याच वंशातले नामदास महाराज त्या दिवशी समाधीसोहळ्याचं कीर्तन करतात, दुपारच्या त्या घटकेला फुलं पडतात, आणि मंडपातली माणसं रडतात. सातशे वर्षांपूर्वी जे घडलं, त्याची पुढची प्रत्येक ओळ ज्यांना पाठ आहे, ती माणसं काल घडल्यासारखी रडतात. शेतकरी असतात, फौजदार असतात, निवृत्त मास्तर असतात. पुरुष रडतात, उघड्यावर, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. त्यांना 'बायकांसारखं काय रडतोस' असं कोणी म्हणत नाही.

हे वाक्य आपल्या घरात फार ऐकू येतं, म्हणून दोन मिनिटं त्याच्यावर. गीतेत अर्जुनाचे डोळे पाण्याने भरलेले आहेत तेव्हाच कृष्ण बोलायला लागतो. राम तर पानोपानी रडतो. मग रडणाऱ्या पुरुषाला दुबळा म्हणायचं हे आपण कुठून शिकलो? साने गुरुजींना आयुष्यभर हे ऐकावं लागलं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. कित्येक पिढ्यांच्या मुलांनी ते पांघरुणात तोंड लपवून वाचलं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट केला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आणि तरी आपल्या समीक्षेने गुरुजींवर 'रडके' असा शिक्का मारला. त्याच रडक्या माणसाने मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडलं, कारण अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. आणि ते देऊळ उघडलं. ज्यांना रडू येत नव्हतं असे किती लेखक त्या दिवशी तिथे बसले होते? साने गुरुजींचे अश्रू आणि साने गुरुजींचं उपोषण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याला दुसऱ्याचं दुःख दिसलं की डोळ्यांत पाणी येतं, त्याला ते दुःख तसंच टाकून घरी जाऊन जेवता येत नाही.

इथे मला एका अवघड जागी यायचं आहे. आतापर्यंत मी रडण्याच्या बाजूने बोललो. पण सगळ्यांनाच रडून झाल्यावर असं अस्वस्थ वाटतं का? की काही वेळा आपण रडतो, आपल्याला बरं वाटतं आणि तिथेच विषय संपतो?

१९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. अलका कुबल त्यात नायिका. खेड्यापाड्यांतून बायका गाड्या करून आल्या, थिएटरं भरभरून रडली. तेव्हा शहाण्या लोकांनी त्या बायकांची पुष्कळ टिंगल केली. मला ती टिंगल आजही सहन होत नाही. तीन तास अंधारात, आपल्यासारख्याच बायकांच्या शेजारी बसून, घरी रडायला ज्यांना कोपरा नव्हता त्या बायका रडून घेत होत्या. जात्याची जागा गेली होती, तिथे थिएटर आलं होतं. त्यांना हसणाऱ्यांनी त्यांना दुसरी कोणती जागा देऊ केली होती?

पण चित्रपटाबद्दल मला वेगळं म्हणायचं आहे. सोसणारी बाई सुंदर दिसते, असं तो आपल्याला शिकवतो. 'एकच प्याला'तही हेच आहे. नवऱ्याच्या हातून तिचं मूल मरतं, आणि मरतानाही सिंधू त्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. आपल्याला तिच्या त्या मोठेपणाचा गहिवर येतो. गडकऱ्यांच्या प्रतिभेपुढे मी हात जोडतो, पण तो गहिवर मला घाबरवतो. कारण तो गहिवर तसाच टिकायचा तर सिंधूने सोसतच राहायला हवं. ती उठून माहेरी निघून गेली, तर आपले अश्रू कुठे जातील? दुसऱ्याचं रडणं आवडण्यात हा धोका आहे. ज्याचं रडणं आपल्याला जवळचं वाटतं, तो रडायचा थांबावा असंही आपल्याला वाटतं का? वाटत नसेल, तर आपल्याला तो माणूस हवा नसून त्याचे अश्रू हवे आहेत.

हे आता घरोघरी शिरलं आहे. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा असते. गाणाऱ्या मुलाचे वडील रिक्षा चालवतात, हे कळलं की कॅमेरा वडिलांच्या चेहऱ्यावर जातो आणि थांबतो. मागे सनईसारखं काहीतरी सुरू होतं. कॅमेरा वाट बघत असतो. ते पाणी आल्याशिवाय तो हलत नाही. भरतमुनींनी जे हुकमाने येत नाही असं मानलं, ते आता मागून घेतलं जातं. आणि त्याहून वाईट म्हणजे लहान मुलांना मुद्दाम रडवून, त्यांचं खेळणं लपवून, आई घर सोडून गेली असं सांगून, ते रडणं मोबाइलवर टिपायचं आणि चार लोकांना पाठवायचं. "किती गोड रडतं बघा." मला हे ऐकवत नाही. ते मूल तुमच्याकडे बघून रडतं आहे, कारण या खोलीत त्याला जवळ घेणारं तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि तुमच्या हातात मोबाइल आहे.

मग कसं ओळखायचं? कथेतलं कोणतं रडणं आपल्याला त्या माणसाच्या जवळ नेतं आणि कोणतं त्याला आपल्यासाठी वापरतं? मला याचं उत्तर पुन्हा भवभूतीपाशी मिळतं. तिसऱ्या अंकात राम रडतो आणि सीता विरघळते हे मी सांगितलं. पण तिथे आणखी एक बाई आहे, वासंती, वनदेवता. ती रामाला सोडत नाही. तुझे अश्रू मी बघते आहे, पण ज्या बाईला तू प्राण म्हणायचास तिला तू रानात का सोडलंस, याचा जाब ती विचारते. म्हणजे एकाच प्रसंगात भवभूतीने रडणाऱ्याजवळ दोघींना उभं केलं: एक माया करणारी, दुसरी जाब विचारणारी. आणि त्याने दोघींपैकी कोणालाही खोटं पाडलं नाही. मराठी करुण नाटकांत मला सिंधू खूप भेटतात, वासंती फार थोड्या.

सातव्या अंकात गंगेच्या काठी वाल्मीकींनी रचलेला एक नाट्यप्रयोग आहे. अप्सरा नाटक करतात, आणि नाटक आहे सीतेचं. तिने गंगेत उडी घेतली, तिथे तिला दोन मुलगे झाले, पृथ्वीने तिला सावरलं. प्रेक्षकांत राम आहे. तो भान विसरतो, उठून धावू बघतो. हे नाटक आहे, असं लक्ष्मणाला त्याला सांगावं लागतं. पण त्या प्रेक्षकांत राम एकटा नाही. अयोध्येची प्रजा तिथे बसलेली आहे. जिच्याबद्दल त्यांनीच कुजबुज केली, तिच्याच दुःखाचं नाटक ते बघताहेत. ज्यांच्या बोलण्यामुळे ती रानात गेली, तेच तिच्यासाठी व्याकूळ झाले आहेत.

भवभूतीला तिथेच थांबता आलं असतं. वाल्मीकींच्या रामायणात सीता पृथ्वीच्या पोटात जाते. त्याहून रडवणारा शेवट कोणाला सापडणार? आणि करुण हाच एक रस आहे, बाकीचे त्याचीच रूपं, असं ज्याच्या नाटकात म्हटलं आहे, त्याला तो शेवट किती सोपा होता. त्याने तो घेतला नाही. त्याने अरुंधतीला उभं केलं. वसिष्ठांची ही वृद्ध पत्नी त्या जमलेल्या प्रजेकडे वळते आणि खडसावून विचारते: आता सांगा, हिच्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? आणि ती माणसं सीतेपुढे वाकतात. सीता रामाला, मुलांना, घराला परत मिळते. सहा अंक ज्या बाईसाठी त्याने लोकांना रडवलं, तिचं रडणं संपवण्यासाठी या कवीने आदिकवीचा शेवट बदलला, आणि त्याच्या साऱ्या करुण रसापेक्षा मला त्याचं हे धाडस मोठं वाटतं.